शंभरातले किती जगतात?

इचलकरंजीत किंवा भोवतालच्या गावांत, कबनूरला म्हणा, हुपरीला म्हणा, कुणाच्या घरी कर्करोगाचे निदान झाले की त्या रात्री घरात दोनच प्रश्न असतात. पैसा किती लागेल, आणि न्यायचे कुठे? एक जण म्हणतो, कोल्हापूर जवळ पडेल. दुसरा मिरजेचे नाव काढतो. पाहुण्यांपैकी कुणीतरी कधीकाळी मुंबईच्या टाटा रुग्णालयात जाऊन आलेला असतो. तो म्हणतो, थेट परळ गाठा. एवढ्यात घरातली आजी सगळ्यांना थांबवून विचारते, "ते ऱ्हाऊ द्या. तिथं गेलेली माणसं जगत्यात का?"

आजीबाईंचा प्रश्न अगदी रास्त आहे. इमारत केवढी, यंत्र कुठल्या देशाचे, डॉक्टरांच्या नावापुढे अक्षरे किती, हे सगळे मागाहून. औषधोपचाराची परीक्षा शेवटी माणूस राहिला की गेला यावरच व्हायची. पण या प्रश्नाचे उत्तर म्हणून जो आकडा आपल्यापुढे येतो, तो वाचायचा कसा हे ठाऊक नसेल तर चांगला दवाखाना वाईट वाटतो आणि बेताचा दवाखाना थोर वाटतो. म्हणून आज त्या आकड्याविषयी थोडे सविस्तर बोलू.

निदान झाल्यापासून पाच वर्षांनी शंभर रुग्णांतले किती हयात आहेत, हा तो आकडा. पेन्शन घेणाऱ्या गुरुजींना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, तेव्हा 'हयातीचे प्रमाण' म्हटले की त्यांना चटकन उमगेल. पाचच वर्षे का, तर बरेचसे कर्करोग उलटायचे असतील तर पहिल्या काही वर्षांतच उलटतात. हा नियम सर्वांना सारखा लागू नाही. स्तनाचा कर्करोग दहा वर्षांनीही डोके वर काढू शकतो. पण जगभर मोजायचे तर कुठेतरी रेघ मारावी लागते, ती पाचावर मारली आहे.

त्यातही एक हिशेब आहे. सत्तरीच्या शंभर माणसांना कर्करोग नसला, तरी म्हातारपणाने, हृदयविकाराने, अपघाताने पाच वर्षांत काही जण जाणारच. समजा, तसे वीस गेले आणि ऐंशी राहिले. त्याच वयाच्या शंभर कर्करोग्यांपैकी साठ राहिले. मग कर्करोगाच्या माथी चाळीस मृत्यू मारणे बरोबर नाही. साठाला ऐंशीने भागायचे. पाऊण उत्तर येते, म्हणजे पंचाहत्तर टक्के. याला सापेक्ष हयात म्हणतात, आणि देशादेशांची तुलना याच आकड्याने करतात.

आता खरी गोम. इचलकरंजीच्या माणसाला ती यंत्रमागावरून चांगली कळेल. दोन कामगार, दोघेही सारखेच हुशार. एकाच्या मागावर चांगल्या सुताचे बीम चढवले, दुसऱ्याच्या मागावर कच्च्या सुताचे. दुसऱ्याचा धागा घडोघडी तुटणार, माग थांबणार, ताग्यात दोष राहणार. मालकाने नुसता तागा बघून मजुरी कापली तर तो कामगार काय म्हणेल? "सूत कसलं दिलं होतं ते आधी बघा की!"

दवाखान्याचेही तसेच आहे. गुरुजी, हे गणित फळ्यावर मांडण्याजोगे आहे. आकडे मी कल्पनेतले घेतो. पहिल्या दवाखान्यात शंभर रुग्ण आले. त्यांतले ऐंशी रोगाच्या सुरुवातीच्या टप्प्यात, वीस फार पुढे गेलेले. ऐंशींपैकी साठ जगले, वीसांपैकी चार. एकूण चौसष्ट. दुसऱ्या दवाखान्यातही शंभरच आले, पण सुरुवातीच्या टप्प्यातले तीसच, आणि सत्तर जण पुढच्या टप्प्यातले. तीसांपैकी चोवीस जगले, सत्तरांपैकी एकवीस. एकूण पंचेचाळीस. वर्तमानपत्रात पहिला दवाखाना चौसष्ट टक्क्यांचा आणि दुसरा पंचेचाळीस टक्क्यांचा म्हणून छापून येईल. आता टप्प्याटप्प्याने बघा. लवकर आलेल्यांत पहिल्याकडे शंभरी पंचाहत्तर जगतात, दुसऱ्याकडे ऐंशी. उशिरा आलेल्यांत पहिल्याकडे शंभरी वीस, दुसऱ्याकडे तीस. दोन्ही खात्यांत दुसरा दवाखाना सरस, आणि एकूण बेरजेत तोच नापास! ज्या दवाखान्याच्या दारी लांबलांबून, सगळीकडून हात टेकलेले रुग्ण येतात, त्याच्या वाट्याला हे कच्चे सूत येते.

रोगाचा टप्पा किती फरक पाडतो याचे खरे आकडेही आपल्या देशाचे आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या नोंदणी कार्यक्रमाने देशातल्या ११ ठिकाणच्या स्तनकर्करोगाच्या रुग्णांचा हिशेब २०२४ साली प्रसिद्ध केला. २०१२ ते २०१५ या काळात निदान झालेल्या स्त्रियांत पाच वर्षांची सापेक्ष हयात ६६.४ टक्के निघाली. मिझोराममध्ये जवळजवळ ७५, तर अरुणाचल प्रदेशातल्या पासीघाटला ४२च्या आसपास. रोग स्तनापुरताच होता तेव्हा हा आकडा सुमारे ८१ होता; काखेतल्या गाठींपर्यंत पसरला होता तेव्हा ६५च्या आसपास; आणि हाडांत, फुप्फुसांत, यकृतात गेला होता तेव्हा अवघा १८. अमेरिकेत याच रोगाचा एकूण आकडा नव्वदाच्या घरात आहे. तिथले शल्यविशारद आपल्यापेक्षा दीडपट हुशार आहेत म्हणून हा फरक पडतो, असे समजू नका. तिथली बाई दवाखान्यात येते तेव्हा गाठ सुपारीएवढी असते, आपल्याकडची येते तेव्हा लिंबाएवढी झालेली असते.

आपल्या भागात याला उसाचा दाखला चांगला. कारखान्याचा साखर उतारा काढतात, पण तो उतारा एकट्या कारखान्याचा नसतो. जमीन, हवा, उसाची जात यांचा त्यात वाटा असतो. शिवाय कोयता लागल्यापासून ऊस गव्हाणीत पडेपर्यंत किती दिवस गेले यावर बरेच असते. तोडलेला ऊस फडात वाळत पडला की साखर घटली. हयातीचे प्रमाण हाही असाच सबंध वाटेचा उतारा आहे. तोंडात जखम झाली तेव्हापासून घड्याळ सुरू होते. महिनाभर हळद, मग दुकानातले मलम, मग "तंबाखूनं भाजलंय, जाईल" म्हणून काढलेले दिवस, मग गावचा डॉक्टर, मग तुकडा तपासायला द्यायची भीती, मग सुगी झाल्यावर बघू. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे पुष्कळसे उपचार नेमलेल्या रुग्णालयांत होतात. पण कागदपत्रे कुठली लागतात याची माहिती नसल्याने त्यातही आठवडे जातात. बरे, उपचार सुरू झाला तरी तो पुरा व्हायला हवा. किरणोपचार, ज्याला आपल्याकडे शेक म्हणतात, तो पाच-सहा आठवडे, रविवार सोडून जवळजवळ रोज घ्यावा लागतो. मागावरची रोजंदारी बुडवून तीसेक किलोमीटर जायचे आणि परत यायचे, हे ज्याला झेपत नाही तो पंधराव्या दिवशी घरी बसतो. त्याचा मृत्यू मांडला जातो दवाखान्याच्या खात्यावर.

हे झाले दवाखान्यावर अन्याय करणारे आकडे. उलटी बाजूही आहे, आणि ती जास्त फसवी आहे.

समजा, शंभर रुग्णांपैकी पाच वर्षांनी चाळीस जिवंत असल्याचे ठाऊक आहे, तीस वारल्याचे ठाऊक आहे, आणि तीसांचा पत्ताच नाही. ते येईनासे झाले. आता हयात किती धरायची? बेपत्ता तीस हिशेबातून काढून टाकले तर सत्तरांतले चाळीस, म्हणजे सत्तावन्न टक्के. सगळे जिवंत धरले तर सत्तर. सगळे वारले धरले तर चाळीस. एकच दवाखाना, तेच डॉक्टर, आणि आकडा चाळीस ते सत्तर यांत हवा तिथे बसवावा! १९५८ साली कॅप्लन आणि मायर या दोन अमेरिकी संख्याशास्त्रज्ञांनी यावर एक रीत काढली: रुग्ण जितके दिवस नजरेत होता तितके दिवस त्याला हिशेबात धरायचे, पुढे सोडून द्यायचे. जगभर तीच वापरतात. पण तिच्या पोटात एक गृहीत आहे, की जे नाहीसे झाले त्यांचे पुढे इतरांसारखेच झाले असणार. आपल्याकडे दवाखान्यात येणे बंद करणारा माणूस ठणठणीत होऊन कामाला लागलेला असतो, की अंथरुणाला खिळून घरी पडलेला? खेड्यात राहणाऱ्याला हे सांगायला नको.

म्हणून घरी जाऊन बघणे आले. आणि इथे आपल्या महाराष्ट्राने मोठे काम केले आहे, जे आपल्यालाच फारसे ठाऊक नाही. कर्करोगाची लोकसंख्येवर आधारलेली देशातली पहिली नोंदणी मुंबईत १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली, डॉ. जस्सावाला हे त्यामागचे प्रमुख. एका दवाखान्यात आलेल्यांची नोंद वेगळी. एका प्रदेशात राहणाऱ्या सर्वांत किती जणांना रोग झाला, मग ते कुठेही उपचार घेवोत अगर न घेवोत, त्यांची नोंद ही खरी नोंदणी. १९८१ साली आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशभराचा कार्यक्रम हाती घेतला, आणि १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, आणि शेजारच्या जिल्ह्यातले परांडा व भूम, असे तीन तालुके, साडेतीनशेच्या आसपास गावे.

शहरात नोंदणीचा माणूस दवाखाने, प्रयोगशाळा आणि मृत्यूच्या नोंदी चाळतो, त्याला बहुतेक रुग्ण सापडतात. बार्शीकडे ते चालण्यासारखे नव्हते. कितीतरी रुग्ण दवाखान्यापर्यंत पोचतच नसत. म्हणून तिथले कार्यकर्ते गावोगाव हिंडले, लोकांना जमवून लक्षणे सांगितली, संशय आलेल्यांना बार्शीच्या नर्गिस दत्त यांच्या नावाच्या कर्करोग रुग्णालयात तपासायला धाडले. पुढे त्याच रुग्णांची घरी जाऊन चौकशी ठेवली. हेतू नोंद करण्याचा होता, पण नुसत्या बोलण्यानेच फरक पडत गेला. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग, ज्याला बायका पिशवीच्या तोंडाचा म्हणतात, त्याच्या रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात येऊ लागल्या आणि त्यांच्या हयातीचे प्रमाण सुधारले. तिथल्या डॉक्टरांनी हे निष्कर्ष नव्वदच्या दशकात जगापुढे ठेवले.

इथे एखादा चिकित्सक गुरुजी हात वर करील. "लवकर सापडल्या म्हणून जास्त वर्षे जगलेल्या दिसल्या, की खरोखरच जास्त जगल्या?"

शंका बिनतोड आहे. दोन समवयस्क शेजारणी घ्या. दोघींना एकाच वेळी एकच रोग जडला, आणि दोघीही साठाव्या वर्षी त्याच रोगाने गेल्या. एकीला सत्तावन्नाव्या वर्षी त्रास सुरू झाला तेव्हा कळले. ती निदानानंतर तीन वर्षे जगली. दुसरीला तपासणीत त्रेपन्नाव्या वर्षीच कळले. ती सात वर्षे जगली. पाच वर्षांच्या हिशेबात पहिली गेली, दुसरी वाचली! प्रत्यक्षात दुसरीला एक दिवसही अधिक मिळालेला नाही. काळजीची चार वर्षे मात्र अधिक मिळाली.

मोठमोठी माणसे या खड्ड्यात पडली आहेत. २००७ साली न्यूयॉर्कचे माजी महापौर रूडी जुलियानी राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागत होते. पुरुषांना होणाऱ्या प्रोस्टेटच्या कर्करोगातून ते स्वतः उठले होते. अमेरिकेत यातून वाचण्याची शक्यता ८२ टक्के आणि सरकारी दवाखान्यांच्या इंग्लंडात ४४ टक्के, असे ते जाहिरातीतून सांगू लागले. पण दर लाख पुरुषांमागे या रोगाने मरणारे दोन्ही देशांत जवळपास सारखेच होते. अमेरिकेत रक्ततपासणी करून रोग आधीच, आणि कधीही त्रास दिला नसता असा रोगसुद्धा, हुडकून काढत होते. त्यामुळे वाचलेल्यांची यादी फुगली होती. दक्षिण कोरियात तर याहून नवल झाले. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीची ध्वनिलहरींनी तपासणी सर्रास होऊ लागली, आणि २०११ सालापर्यंत त्या कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण १९९३ च्या पंधरापट झाले. मृत्यूचे प्रमाण तसूभरही हलले नाही.

तेव्हा तपासणीने खरोखर जीव वाचतो का, हे पाहायचे असेल तर वाचलेले मोजून भागत नाही. सबंध गावांतले मृत्यू मोजावे लागतात. हेही आपल्याकडेच झाले. बार्शीचे रुग्णालय, टाटा रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ५२ गावगट निवडले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गटांचे चार भाग पाडले. एका भागात पॅपिलोमा विषाणूची एकदाच तपासणी, दुसऱ्यात पेशींची तपासणी, तिसऱ्यात सौम्य व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्यात नेहमीचीच व्यवस्था. आठ वर्षे पाठपुरावा करून २००९ साली निकाल आला. विषाणू तपासलेल्या भागात कर्करोग सापडले १२७, त्यांतले पुढच्या टप्प्यांतले ३९. तपासणी नसलेल्या भागात सापडले ११८, पण पुढच्या टप्प्यांतले ८२. आणि मृत्यू? पहिल्या भागात ३४, दुसऱ्यात ६४. स्त्रियांची संख्या पहिल्या भागातच थोडी जास्त होती, हे ध्यानात घ्या. रोगी अधिक आणि मृत्यू जवळजवळ निम्मे. गुरुजींच्या शंकेला उत्तर द्यायचे ते असे. उरलेल्या दोन तपासण्यांनी तिथे तसा खात्रीचा फरक दाखवला नाही. ज्यांना तपासणी मिळाली नाही त्या चौथ्या भागातल्या स्त्रियांचे काय, असा सवाल पुढे विद्वानांत उठला. तो सवाल सोपा नाही, आणि मला तो वावगाही वाटत नाही.

मुंबईच्या वस्त्यांत १९९८ पासून दीड लाख स्त्रियांवर असाच अभ्यास झाला. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी, एकूण चार वेळा तपासत. व्हिनेगरच्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. हाताने स्तन तपासण्याचा निकाल २०२१ साली लागला. रोग लवकरच्या टप्प्यात सापडू लागला हे सर्वच वयांत दिसले; पण मृत्यूतली घट पन्नाशीपुढच्या स्त्रियांतच दिसली, सुमारे तीस टक्के. पन्नाशीच्या आत ती दिसली नाही. लवकर सापडणे आणि जीव वाचणे या दोन गोष्टी एक नव्हेत, याचा याहून स्वच्छ पुरावा मला ठाऊक नाही.

मग हयातीचा आकडा फेकून द्यावा काय? मुळीच नाही. युरोपातल्या नोंदण्यांनी नव्वदच्या दशकात देशांची तुलना मांडली तेव्हा ब्रिटन शेजाऱ्यांच्या मागे असल्याचे दिसले. बरीच चर्चा झाली, आकड्यांतल्या त्रुटीही निघाल्या. तरी २००० साली तिथल्या सरकारला कर्करोगाची राष्ट्रीय योजना आखावी लागली. ताप मोजला म्हणून ताप उतरत नाही, पण मोजल्याशिवाय डॉक्टरला बोलावणार कोण?

आपल्यापुरते पाहायचे तर दवाखान्यात गेल्यावर "तुमचे किती टक्के बरे होतात?" एवढेच विचारून थांबू नका. आमच्या रुग्णाच्या टप्प्यातले किती जगतात, हे विचारा. निदान झाल्यापासून उपचार किती दिवसांत सुरू होतो, सुरू केलेल्यांपैकी किती जण तो पुरा करतात, शस्त्रक्रियेनंतर महिनाभरात किती दगावतात, येईनाशा झालेल्यांची चौकशी कोण करतो, हेही विचारा. तोंडाचे ऑपरेशन झालेला माणूस पुढे भाकरी चावू शकतो का, हाही प्रश्न विचारायला लाजू नका. पाच वर्षांच्या आकड्यात तो कुठेच येत नाही. चांगला डॉक्टर अशा प्रश्नांनी रागावत नाही. नेमका आकडा त्याच्यापाशी नसला तर तसे सांगेल, आणि ते उत्तरही पुष्कळ काही सांगून जाते.

आणि एक काम गावाचे आहे. २०२० साली आपल्या देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी २२.५ टक्के मृत्यूंचेच कारण डॉक्टरने लिहून दिलेले होते. बाकीचे "म्हातारपण", "अशक्तपणा", "आजार" अशा नावांखाली गेले. तोंडाच्या कर्करोगाने गेलेला पन्नाशीचा मागवाला "आजाराने मयत" म्हणून दप्तरात चढला की तो कुठल्याच शंभरात मोजला जात नाही. घरात माणूस गेल्यावर कागदाचे भान कुणाला असते? तिथे शेजारच्या शिकलेल्या माणसाने पुढे व्हावे, दवाखान्याचे कागद शोधून ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत रोगाचे नाव नीट लिहवून घ्यावे. आणि उद्या नोंदणीचा माणूस वही घेऊन दारात आला, आणि "तुमच्या वडिलांना अमुक साली दवाखान्यात आणलं होतं, ते आता कसे आहेत?" म्हणून विचारू लागला, तर त्याला बसायला सांगून तारखेनिशी सगळे सांगावे.